चौथा थेंब

फैजपूरला कॉलेजच्या मैदानात
सर भरतीच्या पोरांना पळवायचे, मी बोटं टोचायचो.
प्रबंध त्यांचा, सुई माझी.
पळण्याआधी लॅक्टेट एक पूर्णांक एक,
सोळाशे मीटर मारून आल्यावर नऊ, दहा,
एकाचं तर चौदा. आकडा ऐकून तो हसला,
आणि तिथंच मुरमावर ओकला.
सर म्हणाले, लिही.
लिहिलं.

मार्चअखेर लॅक्टेटच्या पट्ट्या उरल्या अकरा.
परत करायच्या तर फॉर्म, सही, शिक्का.
डबी खिशात घातली आणि
सावद्याच्या अलीकडे, जिथे माझ्या आतेभावाचा ट्रक लागला होता,
त्या कापणीच्या बागेत गेलो.

सुभान तडवी.
वय विचारलं. "लिह्य चाळीस.
तुह्या मशीनले बरं वाटीन."
पहाटेपासून कोऱ्या चहावर.
डोक्यावर गोणपाटाची चुंबळ, चुंबळीवर घड,
घडाचा चीक कानामागून उतरून
सदऱ्यावर काळा पडलेला.
मी स्पिरिटने बोट पुसलं. चीक निघाला नाही.
पहिली सुई कातड्यातच राहिली.
दुसरीला थेंब आला, मोहरीएवढा.
"काबरे भो, एवढ्याशा रगतात काय दिसतं तुले?"

एक पूर्णांक तीन. साखर ब्याण्णव.
एवढंच दिसतं.

मग तो चालत राहिला.
ठिबकच्या नळ्या चुकवत, बांधावरून, फळीवरून वर,
आणि उतरताना हात मोकळे, पण मान तशीच ताठ,
जणू वर अजून कुणी बसलंय.
चाळीस घडांनंतर उभ्या उभ्या दुसरा थेंब:
सात.
साखर कमी नाहीच, उलट शंभराला टेकलेली.
पोटात काही नसताना कुठून आली?
हिरव्या केळात नुसतं पीठ असतं,
तोडल्यावर सावकाश गोड होत जातं, चार दिवस लागतात.
यकृतातही तसलीच साठवण,
पण तिथं पिकायला वेळ देत नाहीत.
पाय मागतो, तेव्हाच तोडतात, तेव्हाच पिकवतात.

आणि ते सात.
आम्हाला शिकवलं होतं, हा कचरा,
मांडीत साचतो, आंबतो, माणसाला बसवतो.
आता पुस्तकं बदलली.
मांडी जे टाकते ते हृदय उचलतं आणि त्यावर चालतं,
उरलेलं यकृत घेतं, पुन्हा साखर बांधून
त्याच मांडीला धाडतं.
दिल्लीहून ट्रक कधी कधी रिकामा येतो,
आतेभाऊ डिझेलच्या नावाने शिव्या घालतो.
रक्तात रिकामं कुणीच परतत नाही.

तिसरा थेंब राहून गेला.
काट्यावर भांडण लागलं, घट किती धरायची म्हणून.
व्यापारी ओरडत होता, शेतवाला ओरडत होता,
सुभान चुंबळ उलगडून झटकत होता
आणि मी हातात पट्टी घेऊन
कुणाच्या मध्ये जावं ते न कळून उभा.

तासाभराने निंबाखाली.
कळण्याची भाकर अजून फडक्यातच,
त्याला म्हटलं, थांब, आधी बोट दे.
एक पूर्णांक दोन.
सकाळपेक्षाही खाली!
मैदानातल्या पोरांना इथवर यायला
तास पुरला नव्हता.
सांगितलं त्याला: चाचा, सगळं उतरलं,
आता बसल्या बसल्या चरबी जळतेय तुमची,
रक्त कोरं झालं.

त्याने भाकर मोडली.
"मंग रातीले मान काबरं दुखते?"

ते लॅक्टेट नाही, म्हटलं.
ते केव्हाच गेलं. तंतू फाटतात बारीक,
सूज येते, त्याची तपासणी वेगळी,
ती माझ्याकडे...
तो ठेच्याकडे बघत होता.
मी गप्प बसलो. त्याने अर्धी भाकर पुढे केली.

सरांना हा आकडा दाखवला नाही.
नमुना एकच, वय अंदाजे, तिसरा रकाना कोरा.
आठ पट्ट्या एकतीस तारखेला बाद झाल्या.
वहीत मात्र त्या दिवसाच्या पानावर
अंगठ्याएवढा काळा डाग आहे, चिकाचा.
रक्ताचा केव्हाच फिका पडला.
हा पान उलटलं तरी दिसतो,
मागच्या बाजूला,
सोळाशे मीटर पाच मिनिटांत मारणाऱ्या
पोराच्या नावावर.